दारू आणि आठवण: नाशिकच्या घराघरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे आणि वाइनरी, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्या गाड्या. दुसरीकडे सातपूर-अंबडला शिफ्ट सुटली की भरणाऱ्या परमिट रूम. पिणारे वेगळे, बाटल्या वेगळ्या, पण दोन्हीकडच्या घरांतून येणारे प्रश्न बरेचसे सारखे असतात. यकृताचं काय होतं हे लोकांना ऐकून माहीत असतं. आठवणीचं काय होतं याबद्दल फार कमी बोललं जातं, आणि यकृताचा रिपोर्ट बिघडायच्या कितीतरी आधी अनेकदा आठवणीला धक्का बसलेला असतो. म्हणून ही उत्तरं.

रात्री नीट बोलत होता, रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, कुलूप उघडून घरात आला. सकाळी म्हणतो काहीच आठवत नाही. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतं. याला ब्लॅकआउट म्हणतात. बेशुद्ध पडणं वेगळं. ब्लॅकआउटमधला माणूस जागा असतो, चालतो, बोलतो, हिशोबाचे पैसे देतो, भांडतोसुद्धा. फक्त घडणाऱ्या गोष्टींची नोंद मेंदूत टिकत नाही. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या पडद्यावर सगळं दिसतंय, पण हार्डडिस्कवर रेकॉर्डिंग बंद आहे, असं समजा.

१९७०च्या सुमारास डोनाल्ड गुडविन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने हे प्रयोगातून दाखवलं. दारूची सवय असलेल्या पुरुषांना साधारण चार तासांत भरपूर बर्बन (अमेरिकन व्हिस्की) पाजली आणि अधूनमधून खेळण्यांसारख्या वस्तू दाखवल्या. दोन मिनिटांनी विचारलं तर बहुतेकांना काय पाहिलं ते सांगता आलं. अर्ध्या तासाने विचारलं तर निम्म्या जणांना काहीच आठवेना, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे समोरचं क्षणभर धरून ठेवणारी यंत्रणा चालू होती. त्याची कायमची आठवण बनवणारी बंद पडली होती.

बाहेरून बघणाऱ्याला हे ओळखता येत नाही, कारण संभाषणाला दोन मिनिटांची आठवण पुरते. एक खूण मात्र लक्षात ठेवा. माणूस तोच प्रश्न, तोच किस्सा दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यांदाच सांगतोय अशा उत्साहाने सांगू लागला, तर नोंद बंद झाली असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला तिथेच थांबवा, गाडीची किल्ली काढून घ्या आणि एकटं सोडू नका.

विसरलेलं नंतर आठवू शकतं का? कोणी आठवण करून दिली तर?

ब्लॅकआउट दोन तऱ्हेचा असतो. पहिल्यात काही तुकडे शिल्लक राहतात: नाच आठवतो, जेवण आठवत नाही. मित्रांनी विषय काढला, फोटो पाहिले, की आणखी थोडं सुचतं. हा प्रकार जास्त आढळतो. दुसऱ्यात काही तासांचा पट्टाच्या पट्टा कोरा असतो. तो भरून निघत नाही, कारण शोधायला आत काही साठवलेलंच नसतं.

माणूस मात्र कोरी जागा कोरी ठेवत नाही. चार जणांनी सांगितलेलं, व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ, स्वतःचा अंदाज, हे सगळं जोडून एक हकीकत तयार होते आणि काही दिवसांनी ती खरी आठवण वाटायला लागते. त्यामुळे ‘आता मला सगळं आठवलं’ या वाक्यावर भांडणं उभी करू नयेत आणि मिटवूही नयेत.

मेंदूत नेमकं काय बिघडतं?

कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा वळणदार भाग असतो. तो किती मोलाचा आहे हे १९५३ साली कळलं. अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून शस्त्रक्रियेत दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला. फिट्स कमी झाल्या, बोलणं-चालणं शाबूत राहिलं, पण पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्यांना रोजच्या घटनांची नवी आठवण जवळजवळ बनवता आली नाही. काही तासांच्या ब्लॅकआउटमध्ये मेंदू याच अवस्थेच्या जवळ जातो.

आता त्या भागाच्या आत शिरू. मेंदूच्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये सूक्ष्म फट असलेला जोड असतो, त्याला सायनॅप्स म्हणतात. एक पेशी फटीत रसायन सोडते, दुसरी ते टिपते. शिकणं म्हणजे हे जोड बळकट होणं किंवा ढिले पडणं. जोडांच्या या बदलण्याच्या क्षमतेला सायनॅप्टिक प्लॅस्टिसिटी म्हणतात. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी १९७३ साली ओस्लोमधल्या सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हिप्पोकॅम्पसमधल्या एका वाटेवर झपाट्याने विद्युतसंकेत पाठवले, तर तिथले जोड पुढे तासन्‌तास जास्त जोराने प्रतिसाद देतात. हे दीर्घकाळ टिकणारं बळकटीकरण, म्हणजेच एलटीपी, हाच आठवण बनण्याचा पाया मानला जातो.

त्यासाठी एका खास दाराची गरज लागते: एनएमडीए रिसेप्टर. या दारात एरवी मॅग्नेशियमचा कण अडकून बसलेला असतो. ग्लुटामेट हे रसायन येऊन पोचलं आणि त्याच वेळी पेशीही उत्तेजित असली, तरच मॅग्नेशियम बाजूला होतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ते कॅल्शियम आतली एन्झाइम्स जागी करतं, जोडावर एएमपीए नावाचे आणखी रिसेप्टर बसवले जातात, आणि जोड पक्का होतो.

दारू नेमकी इथे आड येते. इथेनॉलमुळे एनएमडीए रिसेप्टरमधून होणारा प्रवाह कमी होतो, हे १९८९ साली डेव्हिड लोव्हिंगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. कॅल्शियम पुरेसं आत येत नाही, एलटीपी होत नाही, नोंद टिकत नाही. त्याच वेळी मेंदूचा मुख्य ब्रेक असलेल्या गाबा या रसायनाचं काम दारू वाढवते. एकीकडे शिकण्याचं दार अर्धवट बंद, दुसरीकडे ब्रेक दाबलेला. २०११ साली अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे उंदरांच्या मेंदूच्या कापांवर काम करणाऱ्यांना आणखी एक कडी सापडली. भरपूर दारूच्या माऱ्यात पेशी स्वतःच न्यूरोस्टेरॉइड नावाची द्रव्यं बनवू लागतात, आणि तीच एलटीपी अडवतात. त्या द्रव्यांची निर्मिती औषधाने रोखली, तर एलटीपी पुन्हा दिसतो.

किती प्यायल्यावर असं होतं?

प्रमाणाइतकाच वेग महत्त्वाचा. रक्तातलं अल्कोहोल १०० मिलिलिटरला साधारण १६० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर गेलं, की ब्लॅकआउटची शक्यता बरीच वाढते. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, म्हणजे हे तिच्या पाचपटीहून जास्त झालं. अर्थात आठवण कच्ची पडायला सुरुवात त्याच्या खूप आधी, पहिल्या एक-दोन पेगांतच होते.

हिशोब ग्रॅममध्ये करा. ३० मिलिलिटरचा एक छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. क्वार्टर म्हणजे सहा छोटे पेग, ६० ग्रॅम. आठ टक्क्यांची ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम, चार छोटे पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास १५ ग्रॅमच्या आसपास जातो. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निपटतं, म्हणजे एका क्वार्टरला सहा ते साडेआठ तास. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ यांनी त्या वेळात एक मिनिटही कमी होत नाही.

रिकाम्या पोटी, भराभर, ‘बॉटम्स अप’ करून घेतलेली दारू रक्तात झपाट्याने चढते आणि नोंद यंत्रणा त्या चढणीतच कोसळते. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण तुलनेने कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूत त्यांच्या रक्तातली पातळी वर जाते. झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या चालू असतील, तर त्याही गाबाचाच ब्रेक दाबतात. गोळी आणि दारू एकत्र घेतली तर थोड्याच दारूतही रात्र कोरी होऊ शकते, आणि श्वास मंदावून जिवावरही बेतू शकतं.

तो पिऊन हात उगारतो आणि सकाळी म्हणतो, ‘मला आठवतच नाही.’ खोटं बोलतो का?

खरंही असू शकतं, खोटंही असू शकतं. कुठलीही तपासणी करून आज हे ठरवता येत नाही. ताई, हा प्रश्न बाजूला ठेवा, कारण उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला करायचं ते बदलत नाही.

ब्लॅकआउटमध्ये नोंद बंद पडते. त्या क्षणी माणूस काय करतोय हे त्याला कळत असतं. ते नंतर त्याच्यापाशी राहत नाही. दारूने कपाळामागचा, स्वतःला आवर घालणारा भागही मंदावतो, म्हणून एरवी थांबणारा हात थांबत नाही. पण हे कारण समजलं म्हणून मार सोसायचा नसतो. त्याला आठवत नसेल तर उलट जास्त काळजी करा. जे आठवतच नाही त्याचा त्याला पश्चात्तापही नीट होत नाही, आणि तेच पुन्हा घडायला वाट मोकळी राहते.

तो शुद्धीत असताना, शांत वेळी, घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसासमोर घडलेलं जसंच्या तसं सांगा. तारीख-वेळ लिहून ठेवा. जखम असेल तर दवाखान्यात दाखवून कागद घ्या. नशेत असताना वाद घालू नका. त्यातलं काहीही सकाळपर्यंत त्याच्यापाशी उरणार नाही. धोका वाटला तर ११२, आणि महिलांसाठी १८१ हे नंबर आहेत. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात ‘दारूच्या नशेत होता’ म्हणून कुणाला माफी नाही.

दारूने मेंदूच्या पेशी मरतात हे खरं आहे का?

एका पार्टीत लाखो पेशी मरतात असं सांगितलं जातं, त्यात तथ्य नाही. बिघडतात ते जोड. सततच्या दारूने पेशींच्या फांद्यांवरचे ते बारीक काटे, ज्यांच्यावर जोड बसलेले असतात, ते बदलतात. प्राण्यांमध्ये हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये मेंदूचं आकारमान घटलेलं दिसतं.

रोज थोडीच घेतो. आणि वाइन तर तब्येतीला चांगली असते ना?

द्राक्षाच्या गावात हा समज घट्ट बसला आहे. वाइनवर इथे अनेकांची पोटं चालतात, आणि त्या शेतकऱ्याच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. तरी मेंदूला पोचतं ते इथेनॉल, मग ते द्राक्षाचं असो की मळीचं.

२०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५५० जणांचा अभ्यास छापून आला. तीस वर्षं त्यांच्या पिण्याची नोंद ठेवली होती, शेवटी एमआरआय काढला. आठवड्याला १४ ते २१ ब्रिटिश युनिट घेणाऱ्यांमध्ये, न पिणाऱ्यांच्या तुलनेत, उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला असण्याची शक्यता तिप्पट निघाली. आपल्या मापात हे आठवड्याला ११ ते १७ छोटे पेग होतात, दोन ते पावणेतीन क्वार्टर. ज्याला आपण ‘बेताने घेणारा’ म्हणतो, तो नेमका इथे बसतो. हा निरीक्षणांवरचा अभ्यास आहे, त्यामुळे थेट कारण सिद्ध होत नाही. पण थोड्या दारूने मेंदूचं रक्षण होतं असंही त्यात कुठे दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

दोन पेग घेतले की झोप छान लागते. मग तक्रार कसली?

डोळा लवकर लागतो हे खरं. पण रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची, म्हणजे आरईएम झोप दबते आणि दुसऱ्या भागात झोप सारखी मोडते. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच होतं. रात्रपाळी-दिवसपाळी फिरत राहणाऱ्या कामगारांची झोप आधीच विस्कटलेली असते. त्यांनी झोपेसाठी दारू घेणं म्हणजे राहिलेलीही घालवणं.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. म्हणतो, ‘आई, आधी अभ्यास करतो, मग पार्टी. त्याने लक्षात जास्त राहतं असं रिसर्च आहे.’

त्याने अर्धवट वाचलंय. काही प्रयोगांत असं दिसलंय खरं की आधी शिकून मग दारू घेतली, तर ते आधीचं थोडं बरं आठवतं. कारण बहुधा असं की नंतरचं काही नोंदलंच जात नाही, त्यामुळे आधीच्या गोष्टींत सरमिसळ होत नाही. म्हणजे पुढच्या तासांची किंमत मोजून हा तुटपुंजा फायदा. दुसऱ्या दिवशीचं लेक्चर, बिघडलेली झोप हे त्या हिशोबात धरलेलंच नाही.

त्याच्या वयाचा मुद्दा याहून मोठा. कपाळामागचा भाग पिकायला विशीचा मध्य उजाडतो. लहान वयाच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये एलटीपी थांबायला मोठ्या उंदरांपेक्षा कमी अल्कोहोल पुरतं, आणि त्यांना गुंगी मात्र कमी येते. तरुण पोरांचं तेच होतं: झोप येत नाही म्हणून पीत राहतात, आणि आतली नोंद कधीच बंद झालेली असते. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. मुलाला ती कायद्याची कटकट वाटेल, पण मेंदूच्या घडणीशी ती बऱ्यापैकी जुळते. रागवण्याऐवजी त्याला एकच विचारा: ‘अशी एखादी रात्र गेली का, जी तुला आठवत नाही?’ उत्तर ‘हो’ आलं तर पार्टीचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांचा काढा.

आठवण इतकी कच्ची होते, मग दारूचा गुत्ता बरा लक्षात राहतो?

हे चिडून विचारलं जातं, पण प्रश्न अगदी नेमका आहे. हिप्पोकॅम्पसमधलं शिकणं दारू अडवते, तर मेंदूच्या खोलातल्या, बक्षीस आणि सवय सांभाळणाऱ्या भागांत ती स्वतःच शिकवण देते. तिथे डोपामिन नावाचं रसायन वाढतं, आणि दारूशी जोडलेल्या खुणा पक्क्या होत जातात: सुटीचा भोंगा, ठरावीक कोपरा, चकण्याची पुडी फोडल्याचा आवाज, पगाराची तारीख. सोडून वर्ष झालेल्या माणसालाही त्या कोपऱ्यावर तलफ का येते, ते यामुळे. म्हणून सोडताना वाट बदलणं, पगार घरी दुसऱ्याच्या हातात देणं, संध्याकाळी सहा ते नऊ काहीतरी ठरवून ठेवणं या साध्या गोष्टींना एवढं महत्त्व आहे.

वडील वीस वर्षं पितात. हल्ली घडलेलंच नाही असं काहीबाही सांगतात. मुद्दाम करतात का?

नाही, आणि हे लगेच दाखवा. वॉर्डात चार दिवस पडून असलेल्या माणसाला ‘सकाळी काय खाल्लं?’ विचारावं, आणि त्याने शांतपणे सांगावं, ‘कॉलेज रोडला मिसळ खाल्ली, पाव दोन जादा घेतले, पैसे भाच्याने दिले.’ चेहऱ्यावर खोटेपणाची रेषही नसते, कारण तो खोटं बोलत नाही. कोऱ्या जागी मेंदू आपोआप काहीतरी बसवतो.

सर्गेई कोर्साकॉफ या रशियन डॉक्टरांनी १८८७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. कारण असतं बी-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची कमतरता. पिणारा नीट जेवत नाही, आणि जे खातो त्यातलं थायमिन आतड्यातून शोषलं जाणंही दारू अडवते. शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो. त्याआधीची पायरी कार्ल वेर्निक या जर्मन डॉक्टरांनी १८८१ मध्ये नोंदवली: गोंधळलेपण, चालताना तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडून दोन-दोन दिसणं. तिन्ही एकत्र दिसायलाच हवीत असं नाही. ‘पिऊन आलाय’ म्हणून घरचे झोपवून ठेवतात आणि मोलाचे तास जातात. त्या वेळी शिरेतून किंवा इंजेक्शनने थायमिन मिळालं तर मेंदू वाचू शकतो. ग्लुकोजची बाटली लावायची असेल, तर थायमिन तिच्या आधी किंवा तिच्याबरोबर द्यावं लागतं. पेशंट दारू पिणारा आहे हे डॉक्टरांना दारातच सांगा, लाजू नका.

बंद केली तर आठवण परत येते का?

पुष्कळ अंशी, हो. ज्या लवचीकपणाला दारूने वाकडं वळण लावलं, त्याच लवचीकपणामुळे मेंदू सावरतो. काही आठवड्यांत लक्ष लागायला लागतं, घटलेलं आकारमान थोडं भरून येताना एमआरआयमध्ये दिसतं. उंदरांमध्ये दारू थांबवल्यावर आठवडाभराने हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची अचानक भर पडलेली आढळली आहे. नवीन शिकणं, नावं लक्षात ठेवणं हे सुधारायला महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. पक्का कोर्साकॉफ झालेल्यांमध्ये मात्र पूर्ण भरपाई क्वचितच होते. आणि कोऱ्या गेलेल्या रात्री कोऱ्याच राहतात.

मग उद्यापासून एकदम बंद करू?

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. सतत दारू असल्यामुळे मेंदूने एनएमडीए रिसेप्टर वाढवलेले असतात आणि गाबाचा ब्रेक बोथट केलेला असतो. दारू अचानक गेली की सगळं उत्तेजनच उरतं: हात थरथरणं, घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप. उपचार नसतील तर यात मृत्यूही होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि थायमिन घेऊन हेच आठवडाभरात सुरक्षितपणे पार पडतं.

बदाम, ब्राह्मी चालेल का?

बदाम खुशाल खा. पण पिणं चालू ठेवून त्याने काही भरून निघणार नाही, आणि कुठलीही गोळी-काढा यकृताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करावी?

त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. निघण्याआधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र मराठीतून बोलता येतं, आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटाच्या मीटिंगला पैसे लागत नाहीत, आणि पूर्ण नाव सांगावं लागत नाही.

जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: रोज किती (क्वार्टरमध्ये लिहिलं तरी चालेल), किती वर्षं, शेवटचं कधी घेतलं, आणि गेल्या महिन्यात कोणत्या रात्री आठवत नाहीत. चौथा मुद्दा पिणाऱ्याला सांगता येणारच नाही. तो घरच्यांनी लिहा.